नव्या राइडचं गुपित कागदावर फुटतं

‘मनोरंजन पार्कनं जाहीर करायच्या आधीच नव्या राइडची बातमी कशी फुटते? आणि फुटणारच असेल तर एवढी गुप्तता कशाला?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

उंच रोलर कोस्टर लपत नाही आणि कायदाही तो लपवू देत नाही. अमेरिकेत 200 फुटांहून उंच काही उभारायचं तर काम सुरू व्हायच्या किमान 45 दिवस आधी विमान वाहतूक प्रशासनाला कळवावं लागतं, आणि ती नोंद कुणालाही पाहता येते. फ्लोरिडात काम सुरू होण्यापूर्वी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दप्तरी नोटीस जाते. तिच्यात जागा आणि ठेकेदार दोन्ही असतात. ठेकेदार पाया घालणारा की कृत्रिम खडक घडवणारा, एवढ्यावरून जाणकार अंदाज बांधतात. ब्रिटनमध्ये तर परवानगीच्या अर्जासोबत अख्खा आराखडा जोडावा लागतो. थॉर्प पार्कचा 236 फुटी हायपेरिया कोस्टर 2024 मध्ये सुरू झाला, पण त्याआधी ‘प्रोजेक्ट एक्झोडस’ या सांकेतिक नावाखाली त्याची उंची आणि वळणं सगळ्यांना ठाऊक होती. लपवलं होतं ते नाव आणि त्यामागची कथा. राखण्याजोगं गुपित खरं तर तेवढंच असतं. ऑल्टन टॉवर्स या ब्रिटिश पार्कनं तर ‘सीक्रेट वेपन 7’ (स्माइलर), ‘सीक्रेट वेपन 8’ (विकर मॅन) अशा सांकेतिक नावांचीच जाहिरात करून घेतली. नावाच्या ट्रेडमार्कचा अर्जही सार्वजनिक होतो, म्हणून तो घाईनं करू नये.

गुप्ततेचं सगळ्यात भक्कम कारण जमीन. डिस्नेनं फ्लोरिडात सुमारे 27,000 एकर जमीन वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत घेतली. ऑक्टोबर 1965 मध्ये स्थानिक वृत्तपत्रानं खरा खरेदीदार छापला आणि आसपासचे भाव भडकले. तोवर बहुतेक व्यवहार उरकले होते, म्हणून बेत तगला.

दुसरं कारण चालू हंगाम. लवकर सांगितलं की लोक म्हणतात, ‘आता पुढच्या वर्षीच जाऊ.’ म्हणून अमेरिकेतली हंगामी पार्कं बहुधा ऑगस्टच्या सुमारास घोषणा करतात. तेव्हा पुढच्या वर्षीचे पास विकायला निघतात.

उद्घाटनाची तारीख मात्र चाचण्या होईपर्यंत देऊच नये, नुसता हंगाम सांगावा. युनिव्हर्सलनं फ्लोरिडातलं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर केलं, 2020 मध्ये काम थांबलं, आणि पार्क उघडलं 22 मे 2025 ला.

तुम्हाला स्वतः शोध घ्यायचा असेल तर ब्रिटनमधल्या परवानगीच्या अर्जातला आवाजाचा अहवाल आधी उघडा. तुलनेसाठी त्यात अनेकदा तशाच एखाद्या चालू राइडची मोजमापं दिलेली असतात.