टॅबवर नाव आलं!

आज दिवसभर मामांच्या कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या दुकानात लॅपटॉप घेऊन बसलो होतो. त्यांच्या वेबसाइटच्या एकाही पानाचं नाव ब्राउझरच्या टॅबवर दिसत नव्हतं, नुसता पत्ता. कापशी, कुरुंदवाडी, पुकरी... एकेका चपलेवर मामांनी स्वतः बसून लिहिलेली पानं, आणि सगळी निनावी. जिवाला लागलं ते.

साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर. त्याचे प्लगइन (वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद करून बघितले, कॅशे (साठवलेल्या जुन्या प्रती) साफ केली. काही फरक नाही. शेवटी पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड उघडला, तर टॅबवरचं नाव ठरवणारा टायटल टॅगच गायब! थीम (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच) जुनी, तिच्या हेडर फाइलमधली शीर्षकाची ओळ कुणीतरी काढलेली, बदल्यात काही घातलंच नव्हतं. वर्डप्रेस ४.१ पासून, म्हणजे २०१४ पासून, थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये एका ओळीत 'टायटल-टॅग'चा सपोर्ट जाहीर केला की वर्डप्रेस स्वतःच शीर्षक छापतं. हेडरमध्ये डब्ल्यूपी-हेड ही वर्डप्रेसला तिथं मजकूर घालू देणारी हाक तेवढी लागते, ती सुदैवानं होती. सपोर्टची ही ओळ चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमवर आधारलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये घातली, म्हणजे अपडेटमध्ये पुसली जायची भीती नाही.

मामांनी चष्मा सारखा केला आणि टॅबवर बोट ठेवून वाचलं, "कापशी चप्पल..."

मग म्हणाले, "आता पुकरीचं उघड बघू."