६१ पेशंट आणि एक सुई

शनिवार, दुपार

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. सकाळी घरी आले, आंघोळ केली, दोन घास पोटात ढकलले, पडदे ओढून पडले आणि तासभर नुसती पंख्याकडे बघत बसले. नाईटचा तिसरा दिवस होता. मेल मेडिसिन वॉर्ड, बेड ४०, पेशंट ६१, म्हणजे २१ जण खाली गादीवर. पावसाळ्यात हे दरवर्षीचंच, डेंगी, लेप्टो, ताप, जुलाब, आणि त्यात नेहमीचे शुगर-बीपीवाले, लिव्हरवाले. चालायला जागा नसते, दोन गाद्यांच्या मधून पाय टाकत ट्रॉली ढकलायची आणि कुणाच्या हातावरून चाक जात नाही ना बघायचं.

ड्युटी लिस्टवर दोघी होतो. साडेदहाला फोन आला, आयसीयूत एकच आहे, एकीला पाठवा. दुसरी गेली. राहिले मी, एक मावशी आणि एक वॉर्डबॉय मामा, त्यातला मामा दीड वाजता पेशंट घेऊन सीटीला गेला तो पहाटेच उगवला.

जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना पाठ केलेलं आठवतं, नर्सिंग काउन्सिलचं नॉर्म, टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स, जनरल हॉस्पिटलला पाचामागे एक, वर ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवर असणाऱ्यांच्या बदली. घोकून घोकून लिहिलंय परीक्षेत. आमचं टीचिंग हॉस्पिटल. ६१ भागिले तीन, वीस जणी, त्या तिन्ही शिफ्टमध्ये वाटल्या तरी रात्रीला सहा-सात तरी हव्यात की नको? होते मी एकटी. मार्क मिळाले होते पूर्ण, तेवढंच समाधान.

तर झालं असं की पहाटे चारला इंटर्न आला सॅम्पल काढायला. चार पेशंटचं ब्लड घेतलं आणि ट्रे तसाच टेबलावर ठेवून लॅबला पळाला. मी एकाला प्लेटलेट लावलेल्या, त्याचं बीपी दर पंधरा मिनिटांनी, दुसऱ्याचा नॉरॅडचा, बीपी टिकवणाऱ्या औषधाचा, पंप वाजतोय, तिसऱ्याचे नातेवाईक मागे उभे, ओ सिस्टर सलाईन संपलं, ओ सिस्टर आमच्या पेशंटला थंडी वाजतेय, ओ सिस्टर ऐकू येत नाही का. मला तो ट्रे हवा होता, रिकामा करायला घेतला, कापूस उचलला आणि आत सुई. कॅप नसलेली. ग्लोव्ह घातलेला होता तरी सरळ आत गेली, डाव्या हाताच्या तर्जनीत.

एक सेकंद काहीच वाटलं नाही. मग ग्लोव्हच्या आत लाल दिसलं.

मला सगळं माहितीये काय करायचं ते. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, लगेच कॅज्युअल्टीला जायचं, पीईपीचा, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा, पहिला डोस शक्यतो दोन तासांच्या आत, आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही. मीच शिकवते हे स्टुडंट पोरींना, हात नाचवून नाचवून. धुतलं. मग जायचं कसं? वॉर्ड कुणाच्या हवाली करू, मावशीच्या? नाईट सुपरवायझरना फोन केला, म्हणाल्या बघते, कुणाला पाठवता येतं का. कुणी आलं नाही. मला त्यांचाही राग येत नाही हो, त्यांच्याकडे तरी कुठून येणार माणूस, त्यांच्या हातात फक्त फोन आहे.

म्हणून मी बोटाला टेप लावला आणि सहाची इंजेक्शनं भरायला घेतली.

इंटर्न परत आला तेव्हा त्याला झापणार होते. पण त्याचा चेहरा बघितला. आदल्या सकाळपासून ड्युटीवर, उभ्या उभ्या डोळे मिटत होते त्याचे. सांगितलं तर पांढराफटक पडला, सॉरी मॅडम सॉरी मॅडम, आणि मला म्हणतो, मॅडम कुणाची सुई होती ते मला आठवत नाही. चारपैकी एक. चौथ्या वेळी म्हणे नीडल कटर शोधला होता पण तो चालत नाही. बरोबर आहे, चालत नाहीच. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र गेलंय, एकदा नाही तीनदा, वहीत तारखा आहेत. वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा शार्प्सचा डबा पण गळ्यापर्यंत भरलेला, त्यात वरून कोंबायचं म्हणजे दुसरी सुई टोचून घ्यायची.

आठला मॉर्निंगच्या आल्या, ओव्हर, म्हणजे पेशंटचा चार्ज, द्यायला पाऊण तास, ६१ जणांचा. साडेनवाला पहिली गोळी घेतली. चारला टोचलं, साडेनवाला गोळी. हिशोब सोपा आहे.

रविवार

चार पेशंटपैकी तिघांचं एचआयव्ही, एचबीएसएजी, एचसीव्ही (हिपॅटायटीस बी आणि सी) सगळं निगेटिव्ह आलं, काल संध्याकाळीच कळलं. चौथा सकाळी साडेसहालाच डामा, म्हणजे डॉक्टरांचं न ऐकता स्वतःहून डिस्चार्ज, घेऊन गेला होता, टेस्टसाठी विचारायच्या आधीच. केस पेपरवरचा नंबर स्विच ऑफ. म्हणजे २८ दिवस गोळ्या घ्यायच्याच, मग सहा आठवड्यांनी टेस्ट, तीन महिन्यांनी टेस्ट.

रिस्क किती ते पण मला तोंडपाठ आहे, एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तरी साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. आणि इथे तर पेशंट पॉझिटिव्ह आहे की नाही तेच माहीत नाही. हिपॅटायटीस बीचे तिन्ही डोस झालेत, टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिकारशक्ती, पण चांगला आला होता. कुणी दुसरी आली असती तर मी पाठीवर हात ठेवून म्हटलं असतं, काही होत नाही गं, गोळ्या घे वेळेवर. पण काल लेक पळत येऊन गळ्यात पडली आणि मी पटकन हात मागे घेतला. टॉवेल पण वेगळा ठेवला. मूर्खपणा आहे, टॉवेलने काही होत नाही, आयसीटीसीत, एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, बसून दोन वर्षं मीच लोकांना सांगितलंय की शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तरी ठेवला वेगळा.

नवऱ्याला रात्री सांगितलं. तीन महिने जपून राहायला लागेल म्हटलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, तुला प्रायव्हेटला नाही का बघता येणार. आता याला काय सांगू. माझी बॅचमेट तीस बेडच्या नर्सिंग होमला आहे, बारा-बारा तास, हातात अकरा हजार. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून २०१६ मध्ये सरकारने कमिटी नेमली होती, त्या कमिटीने म्हटलंय की पन्नास बेडच्या आतल्या हॉस्पिटललासुद्धा कमीत कमी वीस हजार द्या. तिला हे सांगितलं होतं मागे, खूप हसली होती. ती आता सकाळी सहाला उठून जर्मनचा क्लास करते, बी टू लेव्हल पास झाली की जर्मनीला जाईन म्हणते. जाऊ दे बाई, निदान एक तरी सुटेल.

गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची ठरवलीय. मळमळ आहे, स्वप्नं फार पडतात. काल पडलं की वॉर्डचं दार सापडत नाहीये आणि आतून पंप वाजतोय.

सासूबाईंना सांगितलेलं नाही. आज सकाळी बेसिनपाशी वाकले तर मागून विचारतात, किती दिवस झाले गं? आणि चेहरा असा खुलला त्यांचा! मी म्हटलं नाही हो आई, पित्त आहे. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सोमवार

ऑफला होते पण फॉर्म भरायला जावंच लागलं. निम्मं तर केस पेपरसारखंच आहे, नाव, वय, पद, जागा, वेळ, कोणत्या प्रकारची सुई, ग्लोव्ह होते का, नीडल कटर वापरला का. शेवटी एक प्रश्न, घटना टाळता आली असती का, आणि खाली दोन ओळी. मी लिहिलं, हो, वॉर्डमध्ये ६१ पेशंट होते, दुसरी सिस्टर असती आणि कटर चालू असता तर टळली असती. दोन ओळींत बसेना म्हणून कडेने वर चढवत लिहिलं. तिथल्या बाईंनी वाचलं, चांगल्या आहेत तशा, हळू आवाजात म्हणाल्या, अगं हे असं नको लिहू, फक्त सुईपुरतं लिही, वर गेलं की तुलाच विचारतील. मी विचारलं, पेशंट किती होते ते कुठे लिहायचं? म्हणाल्या, तो कॉलम नाहीये.

मी खोडलं नाही. हात थरथरत होता पण खोडलं नाही.

मग वॉर्डला डोकावले तर माझ्या नावाचं पाकीट. मला वाटलं सुईचं असेल. नाही. शुक्रवारच्या रात्री चौदा पेशंटचा सकाळचा टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर नाही, कर्तव्यात कसूर, तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. चौदा. मी मोजलेच नव्हते, त्यांनी मोजले. राहिलेल्या ४७ जणांचा टीपीआर एका बोटाला टेप लावून घेतला होता ते काही कुणी मोजलं नाही. मेमो द्यायला बरोबर माणूस मिळतो, रात्री अडीचला मिळत नाही.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नको, सर्व्हिस बुकला जाणार नाही. त्यांची रिटायरमेंट दीड वर्षावर आलीय, त्यांनी असे किती खुलासे लिहिले असतील. मग चहा पिताना त्यांनीच विषय काढला नगरच्या आगीचा. ६ नोव्हेंबर २०२१, सिव्हिलचा कोविड आयसीयू, त्या दिवशी ११ पेशंट गेले, आणि चारच दिवसांच्या आत एक मेडिकल ऑफिसर आणि तीन स्टाफ नर्स अटकेत. कुणाची किती चूक ते मी इथे बसून ठरवू शकत नाही, आणि गेलेल्यांच्या घरच्यांना तर काय वाटत असेल. पण इन्चार्ज म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. वायरिंग कुणी तपासायची, स्प्रिंकलर कुणी बसवायचे त्याच्या फायली दहा टेबलांवर फिरतात गं, आणि रजिस्टरवर त्या वेळेची सही मात्र सिस्टरचीच असते.

कपडे बदलायला खोलीत गेले तर कडी अजून तुटलेलीच. खोली कसली, लिनन ठेवायची जागा आहे, चादरींच्या गठ्ठ्यामागे उभं राहून बदलायचं आणि एकीने दाराला पाठ लावायची. रात्री एकटी असले की मी बदलतच नाही, घरूनच युनिफॉर्म घालून वर दुपट्टा. केईएमच्या सिस्टर अरुणा शानभाग कपडे बदलायला गेल्या होत्या तेव्हाच त्यांच्यावर अत्याचार झाला, त्या कोमात गेल्या, २७ नोव्हेंबर १९७३. माझा जन्मही नव्हता तेव्हा. त्या २०१५ मध्ये गेल्या, ४२ वर्षं केईएमच्या सिस्टर लोकांनी त्यांचं सगळं केलं, पाळीपाळीने. आम्हाला शिकताना ते सेवेचं उदाहरण म्हणून सांगायचे. कडीचं कुणी बोलायचं नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये बोर्ड आहे, २०१० चा कायदा, रुग्णालयात हिंसा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पानाची पिचकारी. ती शुक्रवारच्याच माणसाची असेल असं मला उगाच वाटतं, मोबाईल तोंडासमोर धरून माझा व्हिडिओ काढणारा तो. त्याच्या काकांना सलाईन लावायला वीस मिनिटं उशीर झाला होता. वीस मिनिटं झाला होता, खोटं कशाला बोलू. व्हिडिओमध्ये मी पाठमोरी पळताना दिसत असेन.

मंगळवार

खुलासा लिहिला. चार वेळा फाडला. पहिल्या वेळी दोन पानं झाली होती आणि त्यात सगळं होतं, आयसीयूचा फोन, सीटी, प्लेटलेट, इंडेंटच्या तारखा, सुईसुद्धा. नवऱ्याने वाचलं, म्हणाला भांडण वाटतंय. शेवटी सहा ओळी राहिल्या. "दि. रोजी रात्रपाळीत वॉर्डमध्ये एकूण ६१ रुग्ण दाखल असून मी एकटी कर्तव्यावर होते" हे पहिलं वाक्य ठेवलं. बाकी "तरी यापुढे दक्षता घेण्यात येईल" वगैरे जे लिहायचं असतं ते. आकड्याखाली रेघ मारली, पट्टी धरून.

सासूबाईंनी फ्रीजवर आवळा सुपारीची बरणी आणून ठेवलीय, नवी कोरी. माझ्याकडे बघून काही बोलत नाहीत, नुसत्या हसतात. त्यांना सांगावं लागणार, आज नाही.

गोळी चौथी झाली. उद्या इव्हिनिंग, लिस्टवर आम्ही दोघी आहोत.