मोडलेला पाय आणि १४१ नंबरचा बाइट

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज पहिल्यांदा माझ्या टॉसरने अख्खं पॅकेट उचललं, फोडलं, आतले सगळे मेसेज ज्या त्या एरियात टाकले आणि शेवटचे दोन शून्य बाइट वाचून व्यवस्थित थांबला. तीन आठवडे रोज रात्री बसतोय त्याचं हे फळ, खूप बरं वाटलं.

बीबीएस (बुलेटिन बोर्ड सिस्टीम) ज्यांनी बघितलंच नाही त्यांना सांगतो. इंटरनेट घरोघरी यायच्या आधी लोक आपल्या घरच्या कंप्युटरला मोडेम आणि फोनची लाइन जोडून बोर्ड चालवायचे, आपण फोन लावायचा, मेसेज वाचायचे, लिहायचे, फोन ठेवायचा. मग एका बोर्डावरचे मेसेज दुसऱ्या बोर्डावर न्यायला रात्री बोर्डच एकमेकांना फोन करायला लागले. त्या फोनवरून जो गठ्ठा जातो ते पॅकेट, आणि गठ्ठा सोडून पत्रं ज्या त्या कप्प्यात टाकणारा प्रोग्राम म्हणजे टॉसर. रेल्वेच्या आरएमएसच्या डब्यात माणसं उभ्या उभ्या पत्रं छाटायची ना, तेच काम.

मी हे आत्ता का लिहितोय? तर मामाच्या फ्लॉप्या. मामा दादरला राहायचा, १९९४-९५ला त्याच्याकडे सेकंदाला २४०० बिटचा मोडेम होता आणि मुंबईतल्या एका बोर्डावर तो रोज जायचा. मी सुट्टीत गेलो की शेजारी बसून बघायचो. २४०० म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरं, ६० केबीचं पॅकेट उतरायला चार मिनिटांच्या वर. म्हणून तो ऑनलाइन काही वाचायचाच नाही, क्यूडब्ल्यूके पॅकेट (सगळे नवे मेसेज एकत्र बांधलेली फाइल) उतरवायचा, फोन ठेवायचा आणि मग चहा घेत निवांत वाचून उत्तरं लिहायचा. ती सगळी पॅकेटं त्याने फ्लॉपीवर ठेवली होती. मामा गेला, फ्लॉप्या दादाकडे नाशिकला आल्या (दादा म्हणजे माझा मामेभाऊ), ४० पैकी २६ वाचता आल्या. त्यातले मेसेज बाहेर काढून आमच्या घरच्या बोर्डावर आणायचे, आणि त्या बोर्डावर आम्ही भावंडांनी पुन्हा लिहायला लागायचं, एवढंच ठरलंय.

बुधवार

क्यूडब्ल्यूके फॉरमॅट १९८७चा. सगळं १२८ बाइटच्या ठोकळ्यांत. पहिला ठोकळा कॉपीराइटचा, पुढे प्रत्येक मेसेजला एक ठोकळा हेडरचा आणि मग मजकूर. ओळ संपली की २२७ नंबरचा बाइट टाकायचा, कारण नेहमीच्या ओळ-संपली खुणेला दोन बाइट लागतात आणि त्या काळी तो एक बाइट वाचवणं म्हणजे फोनचं बिल वाचवणं. (युटीएफ-८मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, जपानी हिरागानाचं प्रत्येक अक्षर २२७नेच सुरू होतं, म्हणजे जपानी पत्र यात घातलं तर अक्षराअक्षराला ओळ तुटणार. देवनागरी वाचली, आपली अक्षरं २२४ने सुरू होतात.) इंडेक्स फाइलमधले आकडे मात्र जुन्या बेसिक भाषेच्या फ्लोटिंग-पॉइंट पद्धतीने लिहिलेत, ते सोडवण्यात दोन रात्री गेल्या, त्याबद्दल जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते फिडोनेटबद्दल, म्हणजे रात्री एकमेकांना फोन करणाऱ्या बोर्डांच्या जाळ्याबद्दल. टॉम जेनिंग्ज नावाच्या माणसाने १९८४ला सॅन फ्रान्सिस्कोत हे सुरू केलं, पहिला जोडीदार बोर्ड थेट बाल्टिमोरला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. रात्री ट्रंक कॉल स्वस्त, म्हणून सगळ्यांनी रात्रीचा एक तास ठरवून घेतला, त्या तासात माणसांनी फोन लावायचा नाही, फक्त बोर्ड एकमेकांशी बोलणार. १९८६मध्ये डॅलसच्या जेफ रश यांनी एकोमेल आणलं, एका बोर्डावर लिहिलेला मेसेज सगळ्या बोर्डांवर दिसायला लागला, आणि नव्वदीच्या मध्याला नोड (जाळ्यातले बोर्ड) ३० हजारांच्या वर गेले. कुणी पगार देत नव्हतं, फोनचं बिल ज्याचं त्यानेच भरायचं, आणि तरी दुसऱ्याचं पत्र आपल्या खर्चाने पुढे पाठवायचं. मला ह्याचं फार कौतुक आहे. माझा प्रोग्राम कितीही छोटा असला तरी दुसऱ्याचं पत्र हातात घेतोय ही जाणीव ठेवूनच तो लिहायचा असं मी ठरवलंय.

म्हणून आजचा सगळा वेळ एकाच गोष्टीत गेला. पॅकेट लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहायचं, पूर्ण झालं, डिस्कवर गेल्याची खात्री झाली, की मगच खरं नाव द्यायचं. आणि समोरच्याने पूर्ण घेतल्याशिवाय आपली कॉपी पुसायची नाही. टेस्ट करताना मी मुद्दाम मेन स्विच बंद केला, एकदा नाही, अकरा वेळा, आई आतून ओरडली "अरे फ्रीज बंद पडतोय!" पण अकराही वेळा एकही पत्र हरवलं नाही. एकदा दोनदा आलं, ते डुप्लिकेट तपासणीत पकडलं गेलं. हरवण्यापेक्षा दोनदा आलेलं केव्हाही चांगलं, दुसरं फेकून देता येतं.

गुरुवार, रात्री एक

दादाचा फोन. त्याच्याकडे जुन्या डॉसवरचा नोड आहे, एम्युलेटरमध्ये (जुन्या कंप्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम), टॉसरही त्या काळचाच, आणि वायफायचा छोटा मोडेम लावलाय जो एटीडीटी (फोन लाव असा मोडेमचा हुकूम) म्हटलं की खऱ्या मोडेमसारखं वागतो. मी आमच्या नव्या बोर्डावरचं पहिलं मराठी पत्र त्याच्या नोडवरून फिरवून परत माझ्याकडे आणलं होतं.

"अरे, इकडे स्क्रीनवर नुसती नक्षी दिसतेय, ती दिसणारच, पण तुझ्याकडे परत काय आलं ते बघितलंस का?"

बघितलं. "पुण्यात" लिहिलं होतं, तर पुण, मग काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह, मग यात. "प्रिय"चं तेच, "मुख्य"चं तेच. साधी अक्षरं सगळी धडधाकट, जोडाक्षर आलं की फुटलं. लहानपणी शाळेत बाई म्हणायच्या ना, क-चा पाय मोडा, तर जिथे जिथे पाय मोडलाय तिथलं ते मोडण्याचं चिन्हच कुणीतरी काढून नेलंय.

दोन्ही फाइली शेजारी ठेवून बाइट मोजत बसलो. पाय मोडायचं चिन्ह युटीएफ-८मध्ये तीन बाइटचं, २२४, १६५, १४१. परत आलेल्या फाइलमध्ये २२४ आहे, १६५ आहे, १४१ नाही. सगळ्या पत्रात १४१ एकदाही नाही.

मग फिडोनेटचं मूळ पॅकेटचं स्टँडर्ड काढलं आणि तिथे सरळ लिहिलेलं सापडलं, १४१ म्हणजे सॉफ्ट रिटर्न, त्याकडे दुर्लक्ष करावं. त्या काळी वर्डस्टारसारखे लिखाणाचे प्रोग्राम ओळ आपोआप मोडली की एंटरच्या १३मध्ये १२८ मिळवून १४१ टाकायचे. ती ओळ माणसाने मोडलेली नसायची म्हणून पुढच्या प्रोग्रामने ती गाळायची, पटण्यासारखं आहे, इंग्रजीत १४१ला दुसरं काही कामच नव्हतं.

पण रशियन लोकांना होतं. त्यांच्या डॉसच्या कोडपेजमध्ये (कुठला नंबर म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता) १४१ म्हणजे त्यांचं मोठं न, जे दिसायला इंग्रजी एचसारखं दिसतं. ते अक्षर पत्रातून गळून पडायचं, तर फिडोनेटवरच्या रशियन मंडळींनी सवयच लावून घेतली, तिथे इंग्रजी एच टाइप करायचा. डोळ्याला फरक नाही, पत्र शाबूत. त्यांना निदान सारखं दिसणारं दुसरं अक्षर मिळालं. आपल्याकडे पाय मोडायला दुसरं काय वापरणार? मामाने तर सगळं रोमनमध्येच लिहिलंय, "kasa kay" छापाचं मराठी देवनागरीत वाचायची त्याला त्या बोर्डावर सोयच नव्हती, आणि आज सोय आहे तर एक बाइट आड येतोय. झोप येईना.

शुक्रवार

माझ्या बाजूचं सोपं होतं. मेसेजमध्ये कॅरेक्टर सेटची लपलेली ओळ असते, तिथे युटीएफ-८ लिहिलेलं असेल तर १४१ला हात लावायचा नाही. तीन ओळींचा बदल. पण वाटेतला जुना नोड त्याला विचारून थोडाच गाळतो, आणि दादाचा नोड बदलायचा नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं कारण तो जसाच्या तसा चालू आहे हीच त्याची गंमत.

दुपारी जेवताना डोक्यात आलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. युटीएफ-८मध्ये अक्षराचा पहिला बाइटच सांगतो की मागे किती येणार. २२४ आलं म्हणजे एकूण तीन. मागचे दोन कायम १२८ ते १९१च्या मधलेच. मग २२४, १६५ नंतर जर त्या टप्प्यातलं काही न येता नवं अक्षर सुरू होत असेल तर मधलं एक हरवलंय, आणि त्या वाटेवर हरवू शकतं ते फक्त १४१च! अंदाज बांधायचाच नाहीये, जे गेलंय ते नक्की माहीत आहे, परत बसवायचं. "दर्‍या" मुद्दाम करून बघितला, जुन्या पद्धतीने टाइप केला की त्यात पाय मोडल्यावर एक न दिसणारा जोडक येतो, २२६, १२८, १४१, म्हणजे त्या एका शब्दात दोन ठिकाणी घाव. दोन्ही परत आले. नियम तोच.

१२०० शब्दांची यादी केली, सगळी जोडाक्षरांची, दादाच्या नोडवरून फिरवली. मूळ आणि परत आलेली फाइल बाइटन् बाइट सारखी. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "वाचून दाखव," आणि मी ती यादी वाचत गेलो, क्षत्रिय, उत्कृष्ट, स्वातंत्र्य, राष्ट्र, आणि तो पलीकडे गप ऐकत होता.

रविवार

मामाचे ३१२ मेसेज बोर्डावर आले. रोमनचे रोमनच ठेवलेत, त्याने लिहिले तसे. त्याखाली आमची उत्तरं देवनागरीत जाणार.

नावांचं काम राहिलंय. क्यूडब्ल्यूकेमध्ये नावाला २५ बाइट, म्हणजे आपली आठ अक्षरं आणि वर एक बाइट लोंबकळत. मात्रा, काने, मोडलेले पाय सगळे वेगळे मोजले जातात, ज्ञानेश्वर लिहिलं तर ३० होतात, व आणि र बाहेर. फिडोच्या पॅकेटमध्ये जरा ऐसपैस आहे, ३५ बाइट, तिथे ११ बसतात. म्हणजे निदान अक्षराच्या मध्ये कापायचं नाही एवढं तरी बघायला हवं, आणि पूर्ण नाव मजकुराच्या वर लपलेल्या ओळीत ठेवता येईल का ते उद्या करून बघतो. मामाच्या नावात दोन जोडाक्षरं आहेत.