कुंकू काळं दिसायला नको

शाळेतल्या एक बाई निवृत्त होत होत्या. समारंभात वाटायच्या कापडी पिशव्यांवर त्यांचा चेहरा छापायचा होता. त्यांची मुलगी मोबाईलवर आईचा फोटो आणि २००८ सालचं ओबामांचं पोस्टर घेऊन आली. शेपर्ड फेअरीनं केलेलं, लाल-निळ्या सपाट रंगांतलं ते प्रसिद्ध पोस्टर. "दादा, आईचं अस्संच करून द्या." कुठल्याशा ॲपवर तिनं स्वतः करून पाहिलं होतं, पण गाल हिरवट आले होते.

का, ते तिला दाखवलं. पोस्टराईज म्हणजे फोटोतल्या छटा मोजक्या सपाट पायऱ्यांत बसवणं. त्याला चार लेव्हल्स दिल्या की फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलला, म्हणजे रंगाच्या थराला, प्रत्येकी चार पायऱ्या मिळतात. प्रत्येक चॅनल आपापल्या पायरीवर सरकतो, म्हणून गाल हिरवट. म्हणजे रंग होतात चौसष्टपर्यंत. आमच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जितके रंग तितके स्क्रीन, म्हणजे शाई गाळून छापायच्या जाळ्या. त्यांच्या बजेटात तीन बसत होते, चौथा पिशवीच्या कापडाचा. म्हणून फोटो आधी ब्लॅक अँड व्हाईट करायचा, मग पोस्टराईज, रंग शेवटी.

साध्या ग्रेस्केलमध्ये, म्हणजे तिन्ही चॅनल मिसळून केलेल्या ब्लॅक अँड व्हाईटमध्ये, कुंकू आणि कपाळ एकाच पायरीत पडत होते, कुंकू दिसेनाच. लाल चॅनलमध्ये तर ते आणखी उजळतं. हिरवा चॅनल घेतला आणि कपाळावर ठसठशीत गोल उमटला.

खरा वेळ गेला चेहऱ्यावर. पोस्टराईज २५६ छटांचे चार सारखे तुकडे करतं, आणि बाई सावळ्या. अख्खा चेहरा एकाच तुकड्यात गेला, नाक कुठे नि गाल कुठे कळेना. अशा वेळी पुष्कळ जण सगळा फोटोच उजळ करून टाकतात. मला ते पटत नाही. गोरा करून दिलेला चेहरा त्या माणसाचा राहत नाही. पोस्टराईजच्या खाली छटा उजळ-गडद करायचा कर्व्हजचा लेअर घेतला आणि फक्त वरच्या छटा हळूहळू उचलल्या. नाकाचा दांडा, गालाचं हाड, कपाळाची एक बाजू पुढच्या पायरीवर चढली. हनुवटीखालची सावली जागच्या जागी राहिली. कडा खरखरीत होत्या, त्यावर ठिपके पुसून कडा गुळगुळीत करणारा मीडियन फिल्टर मारला. बारीक ठिपके कापडावर धरत नाहीत.

मुलगी म्हणाली, "हां, आता आई दिसली!"

उरले रंग. केस, डोळे, चष्म्याची फ्रेम आणि कुंकू, सगळं सर्वांत गडद पायरीवर, म्हणजे एकाच स्क्रीनवर. त्या पोस्टरचे रंग घेतले तर कुंकू निळं होणार. "निळं नको, आणि काळं तर मुळीच नको," ती म्हणाली. तिचं बरोबरच होतं. ग्रेडियंट मॅप, म्हणजे गडद ते उजळ प्रत्येक पायरीला रंग देणारी सोय; त्यात गडद टोकाला काळ्याऐवजी दाट मरून ठेवला, मधे गेरू, त्याच्यावर फिकट हळदी. केस मरून झाले तरी डोळ्यांना खटकत नाहीत, आणि कुंकू कुंकवासारखं दिसतं.

पिशव्या वेळेत गेल्या. आता घरात लावायला तिला तेच चित्र कागदावर हवंय. तिथे चौथा स्क्रीन परवडतोय, म्हणून कुंकवाचा वेगळा काढतोय.