पॉइंट जमवतोय
"मामा, नफा नाही, पॉइंट जमवतोय," भाचा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. चहा गार झालेला.

हायपरलिक्विड ह्या क्रिप्टो एक्स्चेंजने व्हीसींचा, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्या बड्या गुंतवणूकदारांचा, पैसा न घेता नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली ३१ टक्के टोकन, म्हणजे स्वतःची क्रिप्टो नाणी, वापरणाऱ्यांनाच वाटली. तेव्हापासून नव्या एक्स्चेंजचं गाजर ठरलेलं: सौदे करा, पॉइंट मिळवा, पुढे टोकन. अ‍ॅस्टर ह्या अशाच एक्स्चेंजमागे तर वायझी लॅब्जचा, म्हणजे बायनान्स हे मोठं क्रिप्टो एक्स्चेंज काढणाऱ्या झाओंच्या गोटातला पैसा.

भाचा भलत्याच एका नव्या एक्स्चेंजवर होता. घेतलं, दहा मिनिटांत विकलं. फी गेली ती वेगळीच! आणि उलाढालीच्या ज्या आकड्यांवर गुंतवणूकदार भाळतात, त्यांत हेही सौदे धरलेले.

"पॉइंट बंद झाले तर?"

"दुसरीकडे जायचं."

मग ह्या एक्स्चेंज आपलं गिऱ्हाईक म्हणतात तरी कुणाला?