बाजारच्या दिवशीचं पोट

गुरुवार, रात्रीचे दहा

लेकरू झोपलं. पोटाला हात लावून बघितलं, मऊ आहे. गेल्या गुरुवारी या वेळेला गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होतं.

सुरुवात मीच चुकीची केली. शेजारणीचं ऐकून दूध, गहू, शेंगदाणे, सोयाबीन, वांगं, सगळं एकदम बंद. आठ दिवसांत पोट शांत झालं, पण कशानं ते कळायला मार्ग नाही. आमच्याकडं कुटाशिवाय एक भाजी होत नाही. लेकरू नुसत्या वरण-भाकरीवर आलं, गाल बसले. डॉक्टर म्हणाले, एका वेळी एकच पदार्थ काढा, दोन आठवडे बघा, खाल्लेलं सगळं लिहून ठेवा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला तर मात्र घरी प्रयोग नाहीत, सरळ दवाखाना.

मग बाकीचं परत सुरू केलं आणि फक्त दूध थांबवलं. आत्याबाईंना पटेना. "दुधाबिगर लेकरू कसं वाढायचं माय?" कॅल्शियमची काळजी मलाही होतीच. नाचणीचं पीठ आणलं. 100 ग्रॅम नाचणीत 340 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. आंबील थुंकून टाकली. ज्वारीच्या पिठात मूठभर मिसळली, तर रंग बघून म्हणतो, "ही भाकर मळलीय."

आणि एवढं करून पोट दुखायचंच. शनिवारी वही घेऊन बसले. "दुखलं" असं दोनदा लिहिलेलं, दोन्हीदा गुरुवारी रात्री. गुरुवारी बाजार. बाजाराला मामा, म्हणजे माझे सासरे, जातात. धुवायला काढलेल्या त्यांच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला, तर तेलकट कागदाचा बोळा आणि त्याला चिकटलेला पेढ्याचा चुरा.

मामा आधी गप्प. मग म्हणाले, "दूध कुठं दिलंय मी? कुंथलगिरीचा पेढा दिलाय. त्यात दूध राहतंय का?"

आता यावर रागवावं तरी कसं! दूध आटवलं की पाणी उडतं, दुधातली साखर खव्यातच राहते. डॉक्टरांना संशय त्याच साखरेचा, लॅक्टोजचा. काही लेकरांना ती पचत नाही, मग पोटात वायू धरतो, कळा येतात. दह्यात विरजणानं त्यातली थोडी खाल्लेली असते, म्हणून आधी ताक देऊन बघायचं, तेही अर्धी वाटी. पण अजून दोन आठवडे खरंखुरं दूध बंद, आधीचे दिवस धरायचे नाहीत. म्हणजे वहीचं पहिलं पान परत.

आज मामा बाजारातून आले ते थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे. हातात पुडी. नातू पायाला लोंबकळायलाय आणि हे मला विचारायलेत, "फुटाणे हायेत. वहीत चालतेत का?"

लिहिलं. फुटाणे, एक मूठ, संध्याकाळी साडेपाच.