आपल्याला कोण बरा?

"मग, या खेपेला कोणाला मत दिलंत?" दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या आगेमागे हा प्रश्न ठरलेला. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आली की. भारतात गेले की लग्नाच्या पंगतीत, इथे अमेरिकेत मंडळाच्या दिवाळीत वडे तळता तळता, आणि सांगलीहून काकांच्या फोनवर तर हमखास. फक्त काका विचारतात ते असं : "आपल्याला कोण बरा गं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पण माझी सगळी गोची काकांच्या त्या 'आपल्याला'मध्येच आहे.

काकांच्या 'आपण'मध्ये भारत येतो, रुपया येतो, व्हिसाच्या रांगेत अडकलेला शेजारच्यांचा मुलगा येतो. मी मत देते पेनसिल्व्हेनियात, बक्स काउंटीत. डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी, तासाभरात एडिसन, तिथून महिन्याचं वाणसामान. 2008च्या वसंतात मी नागरिकत्वाची शपथ घेतली आणि त्याच नोव्हेंबरात पहिल्यांदा अध्यक्षासाठी मत दिलं. ओबामांना. कारण सांगायला दोन वर्षं मागे जावं लागेल.

2006मध्ये आमचा मुलगा सात वर्षांचा होता. सारखं पाणी मागायचा, रात्री अंथरूण ओलं करायला लागला. आम्हाला वाटलं, नवीन शाळेचा ताण असेल. निघाला टाइप वन मधुमेह. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, सहा-सात वेळा बोटाला टोचून रक्तातली साखर बघायची, डब्यातल्या पोळीचासुद्धा हिशोब. तेही अंगवळणी पडलं. मग पुढच्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर आरोग्यविमा. स्वतःच्या खर्चानं विमा घ्यायला गेलो तर एका कंपनीचं पत्र आलं : आई-वडिलांना घेऊ, मुलाला नाही. आजार आधीपासूनचा आहे. ते पत्र दीड परिच्छेदाचं होतं. 'आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत' असं शेवटी होतं, ते मला अजून खुपतं.

तर 2008मध्ये मी दोन्ही उमेदवारांचं एवढंच वाचलं. रिपब्लिकन पक्षाचे मॅकेन म्हणत होते, प्रत्येक कुटुंबाला 5000 डॉलरची करसवलत देऊ, विमा तुम्ही बाजारातून घ्या. पण विकणाराच नाही म्हणाला तर पाच हजार घेऊन काय करू? डेमोक्रॅट ओबामा म्हणत होते, आधीच्या आजारावरून कोणाला नाकारता येणार नाही. संपलं. इराक नाही, कातडीचा रंग नाही, भाषणं तर नाहीतच. मार्च 2010मध्ये कायदा झाला आणि त्या सप्टेंबरपासून लहान मुलांना असं नाकारणं बंद झालं.

याच्या पुढची गोष्ट मी काकांना तीनदा सांगितली आहे. जुलै 2017मध्ये तोच कायदा मोडीत काढायचं विधेयक सिनेटमध्ये आलं. मतदान मध्यरात्रीनंतर. मी टीव्हीसमोर थंड चहा घेऊन बसलेले. मेंदूच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेला एक म्हातारा सिनेटर पुढे आला आणि त्यानं अंगठा खाली केला. 49 विरुद्ध 51. विधेयक पडलं. तो सिनेटर म्हणजे जॉन मॅकेन, ज्यांना मी मत दिलं नव्हतं. तेव्हापासून अध्यक्षाचं नाव बघून झालं की मी मतपत्रिकेचा खालचा भागही तितकाच बारकाईनं वाचते. अध्यक्ष एकटा कायदे करत नाही, हे नागरिकत्वाच्या परीक्षेत मी घडाघडा सांगितलं होतं. कळलं त्या रात्री.

काकांना यातलं राजकारण चटकन कळतं. इथेही लोक थेट अध्यक्ष निवडत नाहीत, राज्याराज्यातून प्रतिनिधी निवडतात, हे सांगितल्यावर म्हणाले, "आपल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या मताला नाही का 175चं मूल्य, तसंच!" अगदी तसंच नाही, पण हिशोबाची आवड तीच. पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधींची आता 19 मतं, आणि जो जिंकेल त्याला सगळी. 2016मध्ये इथला निकाल जेमतेम 44 हजार मतांनी लागला. पलीकडे न्यू जर्सीत 1992पासून दर वेळी डेमोक्रॅटच. नदीच्या त्या काठावरच्या मैत्रिणींना प्रचाराचं एक पत्र येत नाही, आमची टपालपेटी रोज भरून वाहते.

2024मध्ये काकांचा फोन आला तो थेट, "ती कमला हॅरिस उभी आहे, आपलीच ना?" त्यांचा दाखला तयार होता : 2007मध्ये भाजपशी युती असूनही शिवसेनेनं राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, मराठी म्हणून. मी म्हटलं, "काका, आई तमिळ होती तिची. आणि समोरच्या बाजूला ट्रम्पबरोबर उपाध्यक्षपदाला उभ्या व्हान्सची बायको उषा, तिचे आई-वडील तेलुगू. आता करा हिशोब." काका जरा गप्प झाले.

मत मी कमला हॅरिसनाच दिलं. तिच्या आई श्यामलाबाई एकोणिसाव्या वर्षी एकट्या बर्कलीला शिकायला आल्या, त्याचं मला मनापासून कौतुक आहे, पण मत त्यासाठी नाही दिलं. माझा मुलगा तेव्हा पंचविशीचा. आई-वडिलांच्या विम्यावर सव्विसाव्या वाढदिवसापर्यंतच राहता येतं, आणि त्या वाढदिवसाला काही महिनेच उरले होते. माझं 'आम्ही' इतकं छोटं आहे, मान्य.

नवऱ्यानं ट्रम्पना दिलं. तुम्ही विचाराल म्हणून तेही सांगून टाकते. ग्रीन कार्डासाठी सहा वर्षं रांगेत काढलेल्या माणसाला रांग मोडून आलेल्यांचा राग येतो, तो मला कळतो. पटत नाही, कळतो. सकाळी सातला दोघं एकाच गाडीतून अग्निशमन केंद्रात गेलो, वहीत सह्या केल्या, शेजारशेजारच्या आडोशात उभं राहून गोल काळे केले आणि छातीवर स्टिकर लावून डोनट खायला गेलो. बक्स काउंटी त्या वर्षी ट्रम्पकडे गेली, तीही काही शे मतांनी. 1988नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकनांकडे.

"म्हणजे तुम्हा दोघांची मतं कटली," काका म्हणाले. "मग पेट्रोल जाळून जाता कशाला?"

पंधरा दिवसांनी, 20 नोव्हेंबरला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. एक्याऐंशी वर्षांच्या काकांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला, थोडा हललेला. मी लगेच फोन लावला. "काय काका, कोणाला?"

"अगं, असं विचारतात का कोणाला?" काका म्हणाले. "गुप्त मतदान असतं."